रोवणीचा चिखल आणि गोरेपणाचा बाजार

आषाढ-श्रावणात पोंभुर्णा परिसरातील बांध्यांमध्ये चिखलात वाकून स्त्रिया धानाची रोवणी करतात. उन्हाळ्यात त्याच मोहफुले वेचतात, तेंदूपत्ता तोडतात. उन्हाने रापलेला त्यांचा वर्ण म्हणजे त्यांच्या श्रमाचा पुरावा. या वर्णाची लाज वाटावी, असे शिकवणाऱ्या जाहिरातींचा इतिहास आम्ही तपासून पाहिला पाहिजे.

गोरेपणाचे वेड जाहिरातींनीच जन्माला घातले, असे म्हणता येणार नाही. ‘वधू गोरी हवी’ ही मागणी जुनीच; जाहिरातींनी तिला बाजार मिळवून दिला. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम आले आणि १९७६ पासून दूरदर्शनने जाहिराती स्वीकारल्या. १९८२ साली पडदा रंगीत झाला. परंतु या मलमाच्या जाहिरातींत सावळी मुलगी दिसे ती मलम लावण्यापूर्वीची, खिन्न मुद्रेची. ‘सर्फ’च्या ललिताजी चतुर आणि बाणेदार खऱ्या, पण त्यांच्या चातुर्यालाही धुण्यापलीकडे क्षेत्र लाभले नाही.

एका जाहिरातीत मुलगा नाही म्हणून हळहळणाऱ्या पित्याची सावळी कन्या मलमाने उजळते, हवाई सुंदरी होते आणि घराचे दैन्य फिटते. लिंगभेद आणि वर्णभेद एकाच कथेत! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार केली, सरकारने दखल घेतली आणि २००३ साली ती जाहिरात मागे पडली. २०१४ साली भारतीय जाहिरात मानक परिषदेने सावळ्या वर्णाला हीन लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा मलमाचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले; मलम राहिले.

जाहिरातींच्या नीतीविषयी व्हॅटिकनने १९९७ साली एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. स्त्रीला उपभोगाची वस्तू म्हणून दाखवण्याचा त्यात निषेध आहे. परंतु केवळ पडद्याकडे बोट दाखवून आम्ही सुटत नाही. स्थळ पाहताना आमची भाविक कुटुंबेही मुलीचा स्वभाव आणि शिक्षण विचारण्याआधी रंग विचारतात. पवित्र शास्त्रातील गीतरत्नाची वधू सावळी आहे आणि तिला त्याचा संकोच नाही. १९६२ साली संतपदी घोषित झालेले लिमा नगरीचे मार्टिन दे पोरेस कृष्णवर्णीय मातेचे पुत्र होते. त्यांची प्रतिमा आम्ही वेदीजवळ ठेवतो, आणि तोच वर्ण सुनेच्या मुखावर नको म्हणतो!

परमेश्वराने आपल्या प्रतिरूपात मानव घडवला, ही आमची श्रद्धा. ती खरी असेल, तर पुढल्या वेळी स्थळाची चौकशी करताना रंगाचा प्रश्न आपण गाळू या. ज्या भीतीवर ते मलम खपते, ती आपल्याच अंगणात पोसली जाते.