नेट चालू, पण साइट बंद: वाट कुठे अडली याचा शोध आता ग्राहकही घेऊ शकतात

राउटरवरचे सगळे दिवे हिरवे, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतायत, पण नेमकी परीक्षेच्या अर्जाची साइट उघडत नाही. शेजारी दुसऱ्या कंपनीचे कनेक्शन आहे, तिथे तीच साइट झटकन उघडते. तक्रार केंद्राला फोन लावला तर उत्तर ठरलेले असते : राउटर बंद करून पुन्हा चालू करा. अर्जाची शेवटची तारीख असेल तर या उत्तराने भागत नाही.

अशा वेळी दोष घरातल्या वायरमध्ये नसतो आणि साइटमध्येही नसतो, असे होऊ शकते. तो मधल्या वाटेत असतो. इंटरनेटच्या भाषेत याला राउटिंगची अडचण म्हणतात. पूर्वी हे फक्त इंजिनिअर लोकांचे काम समजले जायचे. आता जगभरातले हजारो साधे ग्राहक या पाहणीत सामील झाले आहेत.

वाट ठरते कशी?

इंटरनेट म्हणजे एकच मोठे जाळे नव्हे. ७० हजारांहून जास्त स्वतंत्र नेटवर्क एकमेकांना जोडून ते बनले आहे. प्रत्येक नेटवर्क आपल्या शेजाऱ्याला सांगते, की अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, तिकडचा माल माझ्याकडे द्या. या सांगण्याच्या पद्धतीला बीजीपी म्हणतात. १९८९ पासून ती वापरात आहे आणि मुळात विश्वासावर चालते. शेजाऱ्याने चुकीचे सांगितले तरी ते खरे धरले जाऊ शकते.

यात आणखी एक नियम आहे. दोन नेटवर्कनी एकाच पत्त्यावर दावा केला, तर ज्याचा दावा जास्त नेमका, त्याच्याकडे माल जातो. नुसता जिल्हा लिहिलेल्या पाकिटापेक्षा गल्लीचे नाव लिहिलेले पाकीट आधी पोचते, तसेच हे.

चुका घडल्या, जगाला भोवल्या

२४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशात यूट्यूब बंद करायचे होते. यूट्यूबने १०२४ पत्त्यांचा एक गट जाहीर केलेला होता. त्यातल्या २५६ पत्त्यांवर पाकिस्तान टेलिकॉमने जास्त नेमका दावा लावला. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीने तो न तपासता पुढे सरकवला आणि जगातल्या बऱ्याच भागात यूट्यूब दोन तासांहून अधिक काळ विस्कळीत झाले.

भारतातलेही उदाहरण आहे. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या नेटवर्कमधून ३० हजारांहून अधिक दुसऱ्यांचे मार्ग चुकून आपले म्हणून जाहीर झाले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुकने स्वतःचेच मार्ग चुकून मागे घेतले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद राहिले आणि अनेक घरांत राउटरवरच संशय घेतला गेला.

ग्राहकांची गरज का?

मार्गांच्या घोषणांवर नजर ठेवणाऱ्या संस्था आहेत. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचा राउटव्ह्यूज प्रकल्प आणि ॲमस्टरडॅमच्या राइप एनसीसी या संस्थेची राउटिंग माहिती सेवा जगभरातून या घोषणा गोळा करतात. पण त्यांना दिसते ती फक्त वही. वहीत जमा दाखवलेला माल गिऱ्हाइकाच्या हातात पडला की नाही, हे गिऱ्हाइकालाच विचारावे लागते. शिवाय मोजणीची साधने बहुतेक मोठ्या शहरांत आणि मोठ्या नेटवर्कमध्ये असतात. तालुक्याच्या गावात छोट्या केबलवाल्याच्या कनेक्शनवर काय घडते, ते तिथून दिसत नाही.

म्हणूनच राइप एनसीसीने २०१० मध्ये राइप अ‍ॅटलस सुरू केले. स्वयंसेवक आपल्या घरच्या राउटरला काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी जोडतात. तिला प्रोब म्हणतात. ठरावीक अंतराने ती जगातल्या ठिकाणांना हाक मारते, उत्तर किती वेळात आले आणि कोणत्या वाटेने गेले याची नोंद ठेवते. सध्या १२ हजारांहून अधिक प्रोब जोडलेले आहेत. २०२० पासून डबीची गरजही उरली नाही. लिनक्स संगणकावर सॉफ्टवेअर घालूनही प्रोब चालवता येतो. प्रोब चालू ठेवला की खात्यात क्रेडिट जमा होतात. ते खर्च करून जगातल्या इतर प्रोबवरून स्वतःला हवी ती चाचणी करता येते.

घरी बसून काय तपासता येईल?

पहिले काम, तुलना. तीच साइट मोबाइल डेटावर आणि वायफायवर उघडून बघावी. एकीकडे उघडते आणि दुसरीकडे नाही, तर संशय वाटेवर जातो.

दुसरे, ट्रेसरूट. विंडोजमध्ये हीच आज्ञा ट्रेसर्ट नावाने असते. ती वाटेतल्या राउटरची यादी टप्प्याटप्प्याने दाखवते. साइट नीट चालू असतानाच एकदा यादी काढून ठेवावी. नंतर बिघाडाच्या वेळची यादी शेजारी ठेवली, की फरक लगेच कळतो.

तिसरे, कंपनी खोटे दावे गाळते का, हे बघणे. दाव्याची सही तपासण्याच्या पद्धतीला आरपीकेआय म्हणतात. क्लाउडफ्लेअरने एप्रिल २०२० मध्ये यासाठी चाचणीचे पान सुरू केले. मुद्दाम चुकीच्या मार्गावर ठेवलेला पत्ता आपल्या कनेक्शनवर उघडला, तर कंपनी गाळणी लावत नाही असे समजावे.

घाई नको

ट्रेसरूटमध्ये मधेच चांदण्या दिसल्या म्हणजे तिथेच बिघाड, असे नाही. बरेच राउटर मुद्दामच उत्तर देत नाहीत. चांदण्यांपुढचे टप्पे दिसत असतील तर वाट चालू आहे. शिवाय ट्रेसरूट जाण्याची वाट दाखवते. परतीची वाट वेगळी असू शकते. वेग मोजणारे अ‍ॅपही वाट सांगत नाही. ट्रायचे मायस्पीड अ‍ॅप वेगासाठी उपयोगी आहे, पण एकच साइट का अडली हे त्यातून कळणार नाही.

खासगीपणाचाही विचार हवा. राइप अ‍ॅटलसचा प्रोब घरातले ब्राउझिंग बघत नाही, स्वतःच्याच चाचण्या करतो. मात्र मेजरमेंट लॅबसारख्या काही सेवांमध्ये चाचणी करणाऱ्याचा आयपी पत्ता खुल्या नोंदीत जातो. म्हणून चाचणीआधी अटी वाचाव्यात. ट्रेसरूटची यादी सोशल मीडियावर टाकताना घरचा पत्ता खोडावा.

तक्रार पुराव्यासह

'नेट चालत नाही' या तक्रारीला राउटर बंद-चालूचेच उत्तर मिळते. त्याऐवजी साइटचे नाव, तारीख, वेळ, चालू असतानाची आणि बिघाडाची अशा दोन्ही ट्रेसरूट याद्या, आणि दुसऱ्या कनेक्शनवर साइट उघडते ही नोंद द्यावी. मग तक्रार इंजिनिअरपर्यंत पोचण्याची शक्यता वाढते. तक्रार क्रमांक न चुकता मागून घ्यावा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि तिथे हा क्रमांक लागतो.

एका घरच्या नोंदीवरून फार काही सिद्ध होत नाही. पण एकाच गावातल्या, एकाच कंपनीच्या दहा ग्राहकांच्या याद्या एकाच टप्प्यावर तुटत असतील, तर दोष तुमच्या राउटरमध्ये आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही.