नाममुद्रा, लोकप्रियता आणि स्पर्धेचा न्याय

वाङ्मयीन स्पर्धेत न्याय व्हावयाचा तर लेखकाचे नाव झाकले पाहिजे, ही मुद्रणसंस्कृतीतील एक दृढ समजूत आहे. संहितेवर टोपणनाव लिहावे, खरे नाव बंद पाकिटात ठेवावे आणि निकालानंतरच ते पाकीट उघडावे, या रीतीमागे नाव ही संहितेबाहेरची वस्तू आहे, असे गृहीत धरलेले असते. मराठी शाहिरी परंपरेने मात्र हे गृहीत स्वीकारलेले दिसत नाही.

कलगी-तुऱ्याच्या फडात शक्तीचे श्रेष्ठत्व सांगणारे कलगीवाले आणि शिवाचे श्रेष्ठत्व मांडणारे तुरेवाले समोरासमोर उभे राहत. सवाल कोणाचा आणि जवाब कोणाचा, हे श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर असे. रचनेच्या अखेरच्या कडव्यात कवीची नाममुद्रा गुंफलेली असे; ती काढावी तर चरणच मोडावा. होनाजी शिलारखाने रचना करीत, बाळा करंजकर ती गात. ‘होनाजी बाळा’ या जोडनावाने कर्ता आणि गायक या दोघांनाही श्रेय दिले. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) यांचे ‘पठ्ठे बापूराव’ हे नावदेखील कर्त्याला झाकणारे नव्हते. फडात गाजणारे होते. या परंपरेतील न्यायाचा आधार गोपन नव्हे, तर उघडपणा होता.

या उघडपणाची मर्यादा मोडनिंबसारख्या ठिकाणी लक्षात येते. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील हे गाव संगीत बारीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखले जाते. बैठकीत फर्माइशीने लावणी निवडली जाते आणि दौलतजादेने पसंती व्यक्त होते. हा कौल खुला असला तरी समान नसतो. ज्याचा हात सैल, त्याचे मत जड. शिवाय तो कौल समोर असलेल्या कलावंतिणीला मिळतो, शब्द रचणाऱ्याला नव्हे. फर्माइशीत धृपद पुनःपुन्हा आळवले जाते, अदाकारीला अवकाश मिळतो आणि अखेरचे कडवे मागे पडू शकते. त्याबरोबर नाममुद्राही गळते. म्हणजे जी लोकप्रियता रचनेला जगवते, तीच कर्त्याला अनाम करते.

१९९३ मध्ये शेजारच्या माळशिरस तालुक्यातील अकलूज येथे राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली आणि दौलतजादेच्या जागी परीक्षकांचे गुण आले. पैशाचे वजन कौलातून वजा झाले, हा लाभ लहान नव्हे. तथापि रंगमंचावर चेहरा, आवाज आणि घुंगरू हीच कलावंतिणीची नाममुद्रा असल्यामुळे नाव झाकणे तेथे शक्य नाही. प्रेक्षागृहातील टाळ्या परीक्षकाच्याही कानी पडतातच. प्रयोगाच्या स्पर्धेत तोलले जाते ते मुख्यतः सादरीकरण, त्यामुळे रचनाकार पुन्हा तराजूबाहेर राहतो.

येथे अनामिकतेच्या दोन प्रकारांत भेद करणे आवश्यक ठरते. पाकिटातील अनामिकता स्वेच्छेची आणि तात्पुरती असते. निकालाबरोबर ती नाव परत करते. लोकप्रियतेने लादलेली अनामिकता नाव परत करीत नाही. स्पर्धेच्या न्यायाचा विचार आजवर पहिल्या प्रकाराभोवतीच फिरत राहिला. लावणीच्या संदर्भात दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे आणि त्यावरचा उपाय परंपरेनेच सांगून ठेवला आहे : अखेरचे कडवे गाळू नये.