पुसलेलं कुठे जातं? : ‘अनइरेज’पासून ‘रिसायकल बिन’पर्यंत

आजचा विषय इतिहासाचा आहे का, अशी शंका काहींना आली असेल. घरच्या संगणकावरून चुकून उडालेली फाइल परत आणणं हे दुरुस्तीवाल्याचं काम, इतिहासकाराचं नव्हे. पण ‘पुसणं’ या क्रियापदाचा अर्थ गेल्या चार दशकांत दोन-तीनदा तरी बदलला, आणि बदलताना आपल्याला कोणी विचारलं नाही. म्हणून तो इतिहासात बसतो.

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याच्या डॉस प्रणालीत फाइल पुसायची आज्ञा दिली की ती यादीतून नाहीशी व्हायची. पण यादीतूनच! फ्लॉपीवर प्रत्येक फाइलची एक नोंद असे, बरोबर ३२ बाइटची. तिच्यात नाव, आकार आणि मजकूर कुठून सुरू होतो तो आकडा. पुसताना डॉस काय करायचं? नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक ठरावीक खूण ठेवायचं, सोळाच्या पटीतल्या मोजणीत ‘ई५’, म्हणजे आपले २२९. आणि दुसऱ्या एका तक्त्यात त्या फाइलच्या जागा ‘मोकळ्या’ म्हणून नोंदवायचं. मजकुराला हातसुद्धा लावायचं नाही. ग्रंथालयात सूचीतल्या कार्डावर काट मारावी आणि पुस्तक मात्र फडताळात तसंच राहावं, नवं पुस्तक येऊन ती जागा मागेपर्यंत, तसंच हे.

यात कोणाचा दयाळूपणा नव्हता, होती ती काटकसर. फ्लॉपी संथ होती. एक बाइट बदलून भागत असेल तर सगळा मजकूर कशाला खरवडायचा? (जाता जाता सांगतो : ही खूण जपानी लोकांना नडली. त्यांच्या कांजी अक्षरांच्या संकेतात तोच आकडा खऱ्या अक्षराचा भाग होता, तेव्हा त्यांच्या नावांसाठी वेगळी पळवाट काढावी लागली. यंत्र आपल्या लिपीचा विचार करून बनवलेलं नसतं, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.)

ही फट पीटर नॉर्टन यांनी ओळखली. त्यांची स्वतःची फाइल चुकून पुसली गेली आणि ती पुन्हा टाइप करत बसण्यापेक्षा ती परत आणणारा प्रोग्रामच त्यांनी लिहिला, अशी हकिगत सांगतात. १९८२ सालचा तो ‘अनइरेज’. ‘नॉर्टन युटिलिटीज’चा तोच प्राण. वापरणाऱ्याला तो फक्त एक गोष्ट विचारायचा : पहिलं अक्षर काय होतं? समजा, रोमन लिपीत लिहिलेल्या ‘पत्र’ नावाच्या फाइलचा ‘पी’ गेलाय. तुम्ही ‘एम’ सांगितलात तरी फाइल यायची, फक्त ‘पत्र’चं ‘मत्र’ होऊन! मजकूर तोच.

पण मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असली तर? पुढचा तुकडा कुठे, हे त्या तक्त्यात लिहिलेलं असायचं, आणि तक्ता तर पुसलेला. मग प्रोग्राम अंदाज बांधायचा : लागूनच्या मोकळ्या जागा घ्यायच्या. अंदाज चुकला तर तुमच्या पत्राच्या पोटात भलत्याच कुणाचा हिशेब निघायचा. आणि आणखी एक मेख. फाइल गेली म्हणून घाबरून त्याच डिस्कवर परत आणणारा प्रोग्राम बसवला, तर तो नेमका हव्या त्या मजकुरावरच जाऊन बसण्याची शक्यता. आजही फाइल उडाली की पहिलं काम म्हणजे त्या डिस्कवर काहीही न लिहिणं, ते यासाठीच.

१९९१च्या ‘एमएस-डॉस ५’मध्ये ‘अनडिलीट’ ही आज्ञा आयतीच मिळू लागली. ॲपलच्या लिसा आणि मॅकिंटॉशवर कचऱ्याचा डबा १९८३-८४पासून होता. पण मॅकचा डबा सुरुवातीला यंत्र बंद केलं की आपोआप रिकामा व्हायचा. ऑगस्ट १९९५मध्ये ‘विंडोज ९५’ आलं आणि ‘रिसायकल बिन’ घराघरात पोचला. त्यात फाइल पुसली जातच नाही, दुसऱ्या कपाटात हलवली जाते. सामान्य माणसाची सोय झाली, हे खरं. पण डबा रिकामा केला म्हणजे खरंच गेलं, असा भाबडा समजही तिथूनच पसरला, असं माझं मत आहे.

त्या समजाची किंमत २००३ साली कळली. सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट या एमआयटीतल्या दोघांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यातल्या १२९ वाचता आल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक, कुणाची वैद्यकीय माहिती. ज्या काटकसरीनं एकाचं पत्र वाचवलं, तिनंच दुसऱ्याचं गुपित भंगारात उघडं ठेवलं.

आता उलटं झालंय. आजच्या लॅपटॉपमध्ये फिरणारी तबकडी नसते, चिप असतात. या चिपवर नवीन लिहायचं तर जुनं आधी पुसावं लागतं, म्हणून प्रणाली ‘ही जागा आता नको’ असं डिस्कला आधीच कळवते. या निरोपाला ‘ट्रिम’ म्हणतात. विंडोजमध्ये तो २००९च्या ‘विंडोज ७’पासून आला. निरोप पोचला की डिस्क सवडीनं मजकूर खरोखरच साफ करते. बिनमध्ये असेपर्यंत फाइल सुखरूप. बिन रिकामा केलात, की नॉर्टनसारख्या कुणालाही सहसा तिथे काही सापडत नाही. वेगासाठी केलेली सोय आहे ही. फोटो कुणाचे जातात, याच्याशी तिला देणंघेणं नाही. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क मात्र अजून कुणाच्या माळ्यावर पडली असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी जरा थांबा. तिच्यावर काय काय शिल्लक आहे, ते तुम्हालाही ठाऊक नसेल.