भिलाईचा सुस्कारा, रायपूरचा फुत्कार

रायपूरहून दुर्गच्या दिशेने निघाले की तीसेक किलोमीटरवर भिलाई लागते. तिथल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा, म्हणजे कोंडलेली दाबाची हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेचा, या मुलखातला इतिहास लिहायचा तर मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानापासून नव्हे, या भट्टीपासून सुरुवात करावी लागते. झोतभट्टीला अखंड वारा लागतो आणि तो पुरवतात कारखान्याच्या पॉवर अँड ब्लोइंग स्टेशनमधले वाफेवर फिरणारे प्रचंड ब्लोअर. भट्टीत काही अडले की वारा झटकन कमी करावा लागतो. पण एवढा जड फिरता ब्लोअर सांगितल्याबरोबर थांबत नाही. पुढची वाट कोंडलेली आणि मागून रेटा चालूच, अशा वेळी दाबलेली हवा उलटी फिरते आणि पात्यांवर आदळते. म्हणून ब्लोअरपाशी त्याला वाचवणारी एक झडप असते आणि भट्टीकडे जाणाऱ्या थंड वाऱ्याच्या नळावर दुसरी. ही दुसरी उघडली की वारा भट्टीऐवजी सरळ आभाळात जातो. तिचा आवाज असा की पोलादाच्या धंद्यात तिला स्नॉर्ट व्हॉल्व्ह, म्हणजे फुरफुरणारी झडप, हेच नाव पडले. त्या आवाजाचे कौतुक करण्यासारखे काही नव्हते. तो ऐकू आला म्हणजे वारा वाया चालला आणि लोखंड खोळंबले.

टर्बो पेट्रोल गाडीला हौसेने बाहेरची झडप बसवून घेतात, ती जातकुळीने हीच. माझे म्हणणे एवढेच आहे की भट्टीपासून बॉनेटपर्यंतच्या प्रवासात या झडपेचे काम गळत गेले आणि आवाज तेवढा उरला. आणि ऑटोमॅटिक गाडीत हे जितके उघडे पडते तितके दुसरीकडे कुठेही पडत नाही. कुणी म्हणेल, कुठे झोतभट्टी आणि कुठे हौशी पोरांचा फुस्स, ही तुलना ओढूनताणून आणलेली आहे. पण यंत्राच्या दृष्टीने ती तुलना नाहीच, ते एकच प्रकरण आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली धुराच्या जोरावर हवा दाबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. टर्बोचार्जर म्हणजे वाफेऐवजी इंजिनाच्या धुरावर फिरणारा छोटा ब्लोअर. पेट्रोल गाडीत चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की थ्रॉटलची चकती मिटते, हवेची पुढची वाट बंद होते, पण टर्बो मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वेगात असतो. पुढे जे घडते ते भिलाईतलेच, फक्त मुठीएवढ्या मापात.

रायपूरला टर्बोची ओळख मात्र मोटारींनी करून दिलेली नाही. ती आधी रेल्वेने करून दिली, कारण इथल्या डिझेल शेडमध्ये सांभाळली जाणारी अल्को घराण्यातली इंजिने टर्बोचीच होती. मग ट्रकांनी. २००० सालापासून देशभर प्रदूषणाचे पहिले कडक मानक आले आणि टर्बो बसवलेले डिझेल ट्रक झपाट्याने वाढले. पण या सगळ्यांत ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह नव्हता, आणि तो नसणे हाच माझ्या बाजूचा पहिला पुरावा. डिझेल इंजिनात वेग हवा अडवून नव्हे, इंधन कमी-जास्त करून सांभाळतात. वाट कोंडतच नाही, मग मोकळी कसली करणार? टाटीबंध चौकात ट्रक थांबताना जो फुस्स ऐकू येतो तो हवेच्या ब्रेकचा, टर्बोचा नव्हे. 

पेट्रोल गाड्यांत टर्बो आला १९६२ साली, अमेरिकेतल्या ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअरमधून. युरोपात १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि त्याच दशकाच्या शेवटी साब ९९ टर्बो आली. पुढे कंपन्यांनी गाडीतच झडप बसवायला सुरुवात केली, पण ती मुकी होती. जादा हवा बाहेर न सोडता ती नळीवाटे टर्बोच्या तोंडाशी परत आणायची, अशी तिची रचना. यामागे शिष्टाचारापेक्षा हिशेब होता. अनेक गाड्यांत आत येणारी हवा टर्बोच्या आधीच मोजली जाते आणि त्या मापाने पेट्रोल सोडले जाते. मोजलेली हवा वाटेतच बाहेर गेली तर पेट्रोल जास्त पडते, इंजिन अडखळते, धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर न जळलेल्या इंधनाचा मारा होतो. शर्यतीच्या गाड्यांना याची फिकीर नव्हती; त्यांना पुढचे वळण दिसत होते. जपानमध्ये १९७३ साली सुरू झालेल्या एचकेएससारख्या कंपन्यांनी शर्यतीतला हा भाग घरच्या गाडीसाठी डब्यात घालून विकला, आणि २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटानंतर तो आवाज जगभरच्या तरुणांना ओळखीचा झाला. आपल्याकडे औरंगाबादेत कारखाना टाकलेल्या स्कोडाने २००४ साली ऑक्टाव्हिया आरएस आणली, पण ती थोड्यांची गाडी. खरी गर्दी झाली ती २००७ नंतर स्विफ्ट डिझेलसारख्या गाड्यांची. डिझेलला ही झडप लागत नाही हे वर आलेच आहे. तरीही डिझेलसाठी झडपा विकल्या गेल्या. ॲक्सिलरेटरच्या पॅडलपाशी एक स्विच, तिथून तार, आणि पाय उचलला की विजेवर उघडणारी झडप. ज्या इंजिनात कोंडमाराच नाही त्यात सुटकेचा आवाज तेवढा बसवून दिलेला.

मग २०१३ साली चाकणच्या कारखान्यातून फोक्सवागन पोलो जीटी टीएसआय आली: लहान टर्बो पेट्रोल इंजिन आणि सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ मानक लागू झाले, मारुतीने डिझेल सोडले, आणि टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक ही रायपूरसारख्या शहरातल्या मध्यमवर्गालाही घेण्याजोगी गोष्ट झाली. इथे झडपेची शेवटची सबबही संपते. हाताने गिअर बदलणारा चालक प्रत्येक गिअरला पाय उचलतो, म्हणून वेग घेताना दर खेपेला हवा कोंडते आणि झडपेला काम मिळते. ऑटोमॅटिकमध्ये पाय दाबलेलाच राहतो. गिअर बदलण्याच्या क्षणी गाडीचा संगणक इंजिनाचा जोर उतरवतो, तो बहुतेक करून ठिणगी उशिरा पाडून. थ्रॉटल पुरता मिटावा लागत नाही. परिणाम असा की झडप वेग घेताना गप्प आणि पाय काढल्यावर, म्हणजे सिग्नलला, गतिरोधकापाशी, बोलकी. शर्यतीतला जो आवाज पुढच्या गिअरची वर्दी देत होता, तो आता ब्रेकची वर्दी देतो.

यावर जाणकारांचा आक्षेप वजनदार आहे. कंपनीच्या कित्येक झडपांत रबराचा पडदा असतो. तो फाटतो, आणि इंजिनाचे ट्यूनिंग करून दाब वाढवला तर मूळ झडप गळते. तेव्हा धातूच्या पिस्टनची बाहेरची झडप बसवणे ही दुरुस्ती आहे, हौस नव्हे. हे मान्यच करायला हवे. पण त्या दुरुस्तीसाठी हवा परत आत घेणारी झडपही मिळते, आणि ती बाहेरच्या झडपेएवढेच काम करते. खरेदीदार बाहेर फुंकणारीच मागतो, यातच उत्तर आले. त्याहून बोलका पुरावा म्हणजे स्पेसर नावाने विकली जाणारी चकती. मूळ झडप तशीच ठेवायची, तिच्याखाली ही चकती सरकवायची, म्हणजे आत परतणारी हवा बाहेर निघते. बळ वाढत नाही, गळती थांबत नाही. फक्त आवाज होतो, आणि पैसे त्याचेच घेतले जातात.

दुसरा आक्षेप कायद्याचा आणि तोही पोकळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे कलम कडकपणे वाचले. पण झडपेचा रकाना नोंदणीपत्रात कुठे आहे? वकील हा प्रश्न विचारणारच. अडचण अशी की त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ परवानगीबाहेरच्या फेरफाराला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते, आणि गाडीच्या धुराचे व आवाजाचे प्रमाणपत्र पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत मूळ झडपेसह मिळालेले असते. आवाज किरकोळ आहे, हे मात्र खरे. १९८५ चा अविभाजित मध्य प्रदेशाचा कोलाहल नियंत्रण कायदा छत्तीसगडला वारशाने मिळाला, आणि तो ज्यांच्यासाठी आठवावा लागतो ते डीजे नि प्रेशर हॉर्न या बिचाऱ्या झडपेच्या कितीतरी पुढचे आहेत.

राहता राहिला सगळ्यांत सोपा आरोप, की ही निमशहरी पोरांची थेरे आहेत. तो मला अजिबात पटत नाही. बड्या कंपन्याही हेच करतात. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून चालकाच्या कानी घालायला सुरुवात केली, कारण टर्बो आल्यावर तो आवाज दबला होता. आणि २०२३ ची ह्युंदाई आयोनिक ५ एन ही विजेवरची गाडी तर नसलेले गिअर बदलल्याचा धक्काही देते आणि नसलेल्या इंजिनाचा आवाजही ऐकवते.