जयपूर फूट : जोडणीचा वेळ कोणाच्या घड्याळाने मोजावा?

उत्पादनाच्या जोडणीतील प्रत्येक हालचाल मोजून ती सुधारण्याचे शास्त्र विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आले. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी वीट रचण्यातील १८ हालचाली ५ वर आणल्या. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लिलियन यांनी हीच पद्धत हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी वापरली. काम माणसाच्या शरीराला जुळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

या विचाराचे भारतीय रूप जयपूरला दिसते. राजा पार्क या वस्तीपासून जवळच असलेल्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास ‘जयपूर फूट’ घडवला. भारतात कृत्रिम अवयव तेव्हा नवे नव्हते. पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून कार्यरत होते. मात्र पाश्चात्त्य घडणीच्या ‘सॅच’ पावलात कठीण गाभा असे आणि घोटा वाकत नसे. ते बुटात चालण्यासाठी ठीक होते. उकिडवे बसणे, मांडी घालणे, चिखलातून अनवाणी चालणे त्याला साधत नसे.

शर्मा आणि सेठी यांनी पावलाचे घटक वेगळे केले. टाच व पुढचा भाग सच्छिद्र रबराचे, घोट्याशी लाकडी ठोकळा. टायरमधील दोऱ्यांनी बळकट केलेल्या रबरात हे तुकडे गुंडाळायचे, त्वचेच्या रंगाच्या रबराचे वेष्टन द्यायचे आणि ॲल्युमिनियमच्या साच्यात ठेवून उष्णतेने एकसंध करायचे. मऊ-कठीण थरांच्या या रचनेमुळे सांध्यांवाचूनही पाऊल अनेक दिशांना वाकते.

१९७५ मध्ये देवेंद्र राज मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे काम रुग्णालयाबाहेर नेले. पुढे नडगीसाठी पाण्याच्या नळांचे एचडीपीई प्लास्टिक आले. नळी तापवायची, प्लास्टरच्या साच्यावर चढवायची, आकार द्यायचा, पाऊल जोडायचे. एरवी अनेक फेऱ्यांत होणारे काम एका दिवसात आटोपू लागले. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसासाठी प्रत्येक वाचलेली फेरी म्हणजे वाचलेली मजुरी होती. येथे घड्याळ कारखान्याचे नव्हते, रुग्णाचे होते.

१९९५ मधील एका जैवयांत्रिक तुलनेत जमिनीची प्रतिक्रिया-बले मोजली गेली. धक्का शोषण्यात ‘सॅच’ सरस ठरला, पण जयपूर फूटची चाल नैसर्गिक पावलाच्या अधिक जवळची आढळली.

तरीही एक मोजमाप मागे राहिले. किती पाय बसवले आणि किती वेळात, हे मोजणे सोपे; घरी परतलेल्या माणसाचा पाय किती महिने टिकला, हे कळणे कठीण. हाताने रचलेल्या पावलांत एकसारखेपणा राखणेही अवघड. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका क्षेत्रीय पाहणीने एचडीपीई पायांच्या बसवणुकीतील आणि टिकाऊपणातील दोष नोंदवले. आयएसओ १०३२८ या मानकाच्या चाचणीत कृत्रिम पायाला ३० लाख भारचक्रे सोसावी लागतात. इस्रोच्या साह्याने विकसित झालेले पॉलियुरेथेनचे पाऊल हा एकसारख्या, हलक्या उत्पादनाच्या दिशेने झालेला एक प्रयत्न होता.

गती हा जयपूरच्या जोडणीचा मोठा गुण आहे. पण रुग्णाचा वेळ हेच खरे माप मानले, तर पाय मोडल्यामुळे पुन्हा बुडणारी मजुरीही त्याच हिशेबात धरावी लागेल.