‘साभार परत’ची कुळकथा

दिघीहून भोसरी, चिंचवड, देहूरोड मागे टाकत गेलं की तळेगाव दाभाडे लागतं. लिहिणाऱ्याला तपासून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याच्या मराठी रिवाजाचा माग काढायचा, तर त्या गावापर्यंत जावं लागतं. सेनापती खंडेराव दाभाडे तिथे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. 1731 साली डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव पडला आणि दक्षिणेची प्रथा पहिल्या बाजीरावाने पुण्यात चालू ठेवली. पुढे पुण्यात शास्त्री बसवून परीक्षा घेतली जाऊ लागली. ज्याची जशी विद्या, तशी दक्षिणा. तपासला जाई तो माणूस. त्याने काही लिहिलं आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. वाटेजवळच्या देहूत तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या म्हणतात, त्यातही वाद अभंग चांगले की वाईट याचा नव्हता, ते लिहिण्याचा अधिकार कोणाला याचा होता.

पेशवाई गेली. इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनने दक्षिणा बंद केली नाही, पण तिला पन्नास हजार रुपयांची मर्यादा घातली आणि 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. 1849 मध्ये लोकहितवादींसह पुण्यातल्या काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या. सनातनी मंडळी खवळली. तरीही 1851 साली दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. लेखकाने ग्रंथ सादर करायचा, सभासदांनी वाचायचा आणि बक्षिसाच्या लायकीचा आहे का ते ठरवायचं. आता टेबलावर माणसाऐवजी कागद आला.

निदान कागदोपत्री तरी. 1855 साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे दिलं. भोळ्या कुणब्याला जोशीबुवा कसा नाडतो, हा त्याचा विषय. नाटक नाकारलं गेलं. फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त याची हकीकत लिहिली, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही. ज्यांच्यावर नाटक लिहिलं, त्यांच्याच हाती ते तपासायला गेलं होतं. छापलं गेलं ते 1979 साली. मधल्या सव्वाशे वर्षांत मराठी रंगभूमीचा इतिहास ‘तृतीय रत्न’ला वगळूनच लिहिला गेला. आज त्याची नोंद आधुनिक मराठी नाटकाच्या आरंभकाळात होते. ते नाकारणाऱ्या सभासदांची नावं मात्र अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाहीत.

नाटक नाकारलं गेल्यानंतर काही वर्षांनी, 1870 च्या दशकात, लंडनमध्ये ए. पी. वॉट नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने वेगळाच धंदा काढला. लेखकाचं हस्तलिखित घेऊन प्रकाशकांकडे जायचं, सौदा जमवायचा आणि लेखकाच्या कमाईतले दहा टक्के आपण घ्यायचे. किपलिंग आणि कॉनन डॉयल हे त्याचे अशील. हा वाङ्मयीन दलाल लेखकाच्या बाजूचा, पण गाळणीही तोच लावणार. इंग्रजी जगात आजही पहिली भेट त्याच्याशी होते, तीही एका पानाच्या पत्राने. पुस्तकाचं नाव, प्रकार, शब्दसंख्या, एक-दोन परिच्छेदांत गोष्ट कशावर अडते ते, आणि लेखकाची दोन ओळींत ओळख. एजंट हे पान मिनिट-दोन मिनिटांत वाचतो. शब्दसंख्या अवाढव्य दिसली, चुकीच्या प्रकारची कादंबरी चुकीच्या माणसाकडे आली, किंवा पत्रभर गोष्टीऐवजी स्वतःचं कौतुकच असलं, की पुढची पानं उघडत नाहीत. अर्थात पत्रानेच सारं ठरतं असंही नाही. अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित पंकज मिश्रांमार्फत डेव्हिड गॉडविन या ब्रिटिश एजंटकडे गेलं, ते वाचून तो थेट विमानाने दिल्लीला आला. 1997 साली त्या पुस्तकाला बुकर मिळालं.

मराठीत हा दलाल रुजलाच नाही. त्याचं गाळणीचं काम मासिकाच्या संपादकाने उचललं. का. र. मित्रांचं ‘मनोरंजन’ 1895 सालचं, ‘किर्लोस्कर’ 1920 चं, ‘सत्यकथा’ 1933 ची. कथेसोबत जाणारं मराठीतलं ते सुप्रसिद्ध जोडपत्र याच टपालातून घडलं. ‘सा. न. वि. वि., सोबत एक कथा पाठवीत आहे. पसंत पडल्यास प्रसिद्ध करावी, अन्यथा परत पाठवावी. परतीसाठी तिकीट लावलेले पाकीट जोडले आहे.’ कथा कशाबद्दल आहे, याची एक ओळ नाही! इंग्रजीतला होतकरू लेखक त्या पानात गोष्ट विकतो. मराठीतला गोष्ट परत येण्याची सोय करून देतो. हा निव्वळ विनय नव्हे. कथा हाताने उतरवलेली असे, बहुधा एकच प्रत, आणि पाकीट नसेल तर ती कार्यालयाच्या गठ्ठ्यात गडप होण्याची धास्ती. मग पंधरा दिवसांनी, महिन्याने, आपल्याच अक्षरातला पत्ता असलेलं जाड पाकीट पोस्टमनच्या हातात दिसलं की फोडण्याची गरज उरत नसे. आत छापील चिठ्ठी: साभार परत.

गिरगावातल्या खटाववाडीत, ‘सत्यकथा’ काढणाऱ्या ‘मौज’च्या कार्यालयात, संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी या चिठ्ठीच्या पुढची पायरी गाठली. पसंतीच्या जवळपास आलेल्या कथेवर ते लेखकाला सविस्तर पत्र लिहीत. शेवट असा का, हे पात्र इथे काय करतं, पुन्हा लिहून पाहा. अनेक कथा अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर छापल्या गेल्या. इतकं कसून वाचणारा वाचक मराठी लेखकाला पुन्हा क्वचितच मिळाला, असं म्हणायला हरकत नाही. पण गाळणी एकाच वाडीत असली की भोकांचा आकारही ठरून जातो. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या लघुअनियतकालिकवाल्या मित्रांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, आणि आपलं आपणच सायक्लोस्टाइल करून वाटलं. 1982 साली ‘सत्यकथा’ बंद पडली.

दलालाचं दुसरं काम, लेखकाच्या वतीने बोलण्याचं, मराठीत कधी धंदा झालं नाही. ते ओळखीवर चालतं. कोणीतरी ज्येष्ठ लेखक किंवा कॉलेजातले सर ‘जरा बघा’ म्हणून प्रकाशकाकडे शब्द टाकतात. जानेवारी 2016 मध्ये पिंपरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अशा मांडवात ग्रंथप्रदर्शनाच्या गाळ्यांपाशी असे कितीतरी शब्द टाकले जातात. ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नाही, चाकणच्या कारखान्यात तिसरी पाळी करून जो लिहितो, त्याच्याकडे मात्र आजही फक्त ते जोडपत्र असतं. आता ते ईमेलने जातं. पाकीट नाही, तिकीट नाही, त्यामुळे परत काही येतही नाही. पुष्कळदा मौन हाच नकार.

एजंट का नाही, याचं उत्तर हिशेबात आहे. हजार प्रतींची आवृत्ती, तीनशे रुपये किंमत, दहा टक्के मानधन धरलं, तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाचे तीस हजार. इंग्रजीत आज रूढ असलेले पंधरा टक्के त्यातून काढले, तर हस्तलिखित वाचून, चार प्रकाशकांचे उंबरे झिजवून, करार करून एजंटच्या हाती पडणार साडेचार हजार रुपये, आणि तेही आवृत्ती संपेल तेव्हा.