सुरुंगाची कांडी, जिभेखालची गोळी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी जमिनीतल्या ओलीवर पोसते. तालुक्याच्या दक्षिणेला मात्र पाण्यासाठी कातळ फोडावा लागतो. विहिरीत जिलेटिनच्या कांड्या ठासायच्या, वात पेटवायची आणि लांब पळायचं. जुन्या कांड्यांतला मुख्य जिन्नस होता नायट्रोग्लिसरीन. म्हाताऱ्यांच्या बंडीच्या खिशात तपकिरी काचेची बुटकी बाटली असते ना, त्यातल्या छातीच्या दुखण्यावरच्या गोळीचं कूळही तेच. जीभ उचलायची, गोळी ठेवायची, ती विरघळेपर्यंत गप्प बसायचं.

१८४७ साली इटलीत अस्कानिओ सोब्रेरोने हे रसायन बनवलं. जिभेला लावून पाहिलं, तर डोकं ठणकायला लागलं. आल्फ्रेड नोबेलने १८६७मध्ये त्याचा डायनामाइट केला आणि १८७९मध्ये लंडनच्या विल्यम मरेलने तेच हृदयाच्या कळेवर औषध म्हणून मांडलं. १८९६मध्ये खुद्द नोबेलला डॉक्टरांनी ते घ्यायला सांगितलं. लोक बिचकू नयेत म्हणून नाव ठेवलं होतं ट्रायनिट्रिन.

गुण का येतो, हे कळायला १९७७ उजाडलं. या औषधातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि स्नायू सैल पडतात, हे फरीद मुराद यांनी दाखवलं. १९९८च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

मला यातली पित्ताशयाची गोष्ट फार मोलाची वाटते. कडक भाकरीबरोबर तेल घातलेली शेंगाचटणी खाल्ली की ते तेल आतड्यात पोचतं, कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं आणि यकृताखालची पिशवी आवळून पित्त बाहेर टाकते. तीत मावतं ३० ते ५० मिलिलिटर. नायट्रिक ऑक्साइडचं काम याच्या उलट. तो पिशवी सैल करतो. १९९८मध्येच ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात निरोगी माणसांवरचा प्रयोग छापून आला. नायट्रोग्लिसरीन दिल्यावर उपाशीपोटीची पिशवी फुगली आणि जेवणानंतर नीट रिकामी झाली नाही.

म्हणूनच गोळीने कळ थांबली की घरचे म्हणतात, “हृदयाचंच दुखणं होतं,” ते धरून चालू नये. पित्ताच्या खड्याची कळही तिने ओसरू शकते, खडा मात्र जागेवरच राहतो. डॉक्टर आधी ईसीजी काढतात, मग सोनोग्राफीला उपाशीपोटी बोलावतात, कारण पिशवी सैल पडून भरलेली असली की आतला खडा स्पष्ट दिसतो.